लीक नसताना पाणी बंद, लीक असताना चालू: स्मार्ट व्हॉल्व्ह असं का करतो आणि त्यावर उपाय

स्मार्ट व्हॉल्व्ह म्हणजे मीटर किंवा सेन्सरला लीक दिसलं की आपोआप पाणी बंद करणारी, मोबाईल ॲपला जोडलेली चावी. त्याबद्दलची तक्रार साधारण अशी असते. घरात कुठं थेंबही सांडलेला नाही, तरी मोबाईलवर लीकचा इशारा येतो आणि व्हॉल्व्ह पाणी तोडतो. डोक्याला साबण लावलेला माणूस बाथरूममधून हाका मारत बसतो. असं दोन-चारदा झालं की घरातलं कुणीतरी बायपासची, म्हणजे व्हॉल्व्हला वळसा घालून जाणाऱ्या पाईपची, चावी उघडतं ती कायमची. मग ज्या दिवशी वॉशिंग मशीनचा पाईप खरोखर निसटतो, त्या दिवशी बंद व्हॉल्व्हच्या शेजारून पाणी निवांत वाहत राहतं.

यंत्र बदलून हा त्रास सहसा जात नाही, कारण दोष बहुतेक वेळा यंत्रात नसतो. ही उपकरणं बनवणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: रस्त्यावरून येणारा एकच पाईप, त्यात चोवीस तास दाबाचं पाणी, आणि तो पाईप थेट घरातल्या नळांना. कोल्हापुरात पाणी काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचं असो की पंचगंगा नदीचं, ते ठरल्या वेळी सुटतं, खालच्या हौदात पडतं, मोटरनं गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून आपल्या वजनानं खाली उतरतं. एका घरात दोन वेगवेगळ्या पाणीव्यवस्था असतात. यंत्र कोणत्या व्यवस्थेवर बसवलंय यावर जवळजवळ सगळं ठरतं.

आधी वेळ बघा

काहीही खोलण्याआधी ॲपमधली नोंद उघडा. मागच्या काही वेळा व्हॉल्व्ह नेमका किती वाजता बंद झाला, ते कागदावर लिहून काढा. शेजारी त्या वेळी काय चालू होतं ते लिहा: पाणी सुटलं होतं का, वीज गेली होती का, मोटर चालू होती का. अर्ध्या तक्रारींचं उत्तर इथंच मिळतं.

पाणी सुटण्याच्या वेळेला बंद होत असेल, तर व्हॉल्व्ह आणि मीटर नळ कनेक्शनच्या पाईपवर आहेत आणि ते हवेला पाणी समजतायत. पुरवठा बंद असताना रस्त्यावरची लाईन रिकामी होते. पाणी सुटलं की आधी फुसफुस करत हवा येते, आणि हवेनं मीटरचं पातं पाण्यापेक्षा कितीतरी जोरात फिरतं. यंत्राला वाटतं पाईप फुटला. त्यातून वाचलं तरी पुढं तास-दीड तास हौद सलग भरत असतो, म्हणजे "फार वेळ पाणी चालू" हा दुसरा नियम लागतो. नियम ढिला करून हे सुटत नाही. इतका ढिला केला तर लीक पकडण्यात काही अर्थच उरत नाही. मीटर तिथून काढा आणि टाकीच्या खाली उतरणाऱ्या पाईपवर घ्या. नळ कनेक्शनवर लीक पकडायचं नसतं, तिथं हौद वाहून जाऊ नये एवढंच बघायचं असतं. त्याला चांगला पितळी बॉलकॉक, म्हणजे तरंगत्या गोळ्यानं बंद होणारी चावी, पुरतो. हवंच असेल तर हौदात पातळीचा सेन्सर आणि त्यावर चालणारा मोटरचा बॉल व्हॉल्व्ह (आतला भोकाचा गोळा पाव फेरा फिरवून पाणी अडवणारा) लावा.

वीज जाते तेव्हा बंद होत असेल आणि त्या वेळी ॲपमध्ये लीकचा इशाराच नसेल, तर ते लीकचं प्रकरणच नाही. काही बॉल व्हॉल्व्हमध्ये थोडी वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर असतो आणि वीज तुटली की ते आपोआप ठरलेल्या बाजूला परत जातात. तुमच्याकडं "वीज नसताना बंद" हा प्रकार आलाय. ज्या भागात दिवसातून दोनदा लाईट जाते तिथं हा प्रकार घेऊ नका. वीज गेल्यावर आहे तिथंच थांबणारा व्हॉल्व्ह घ्या आणि त्याला राऊटरला लावतात तो १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडा. व्हॉल्व्ह फक्त फिरताना, म्हणजे ५ ते १५ सेकंद वीज खातो, त्यामुळं लहान यूपीएसही पुष्कळ होतो. राऊटर आणि व्हॉल्व्ह दोन्ही त्याच यूपीएसवर असतील तर आणखी बरं, फक्त दोघांचा मिळून अँपिअर यूपीएसच्या मर्यादेत बसतो का ते बघा.

मध्यरात्रीनंतर इशारा येत असेल तर मात्र यंत्राला शिव्या देऊ नका. ते बहुतेक खरं बोलतंय.

रात्रीचा इशारा: फ्लश टाकी, आरओ, गिझर

रात्री सलग थोडं थोडं पाणी जाण्याची पहिली संशयित जागा म्हणजे संडासाची फ्लश टाकी. खालचं रबर कडक झालं की पाणी भांड्याच्या मागच्या बाजूनं आवाज न करता सरकत राहतं. तपासणी सोपी आहे. टाकीचं झाकण काढा, खाण्याच्या रंगाची चिमूट टाका (हळद नको, डाग राहतो), फ्लश न करता २० मिनिटं थांबा. भांड्यात रंग उतरला तर रबर बदला. रंग उतरला नाही पण टाकीतलं पाणी वरच्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापर्यंत आलेलं दिसलं, तर आत येणारा फ्लोट नीट बंद होत नाही. त्याचा स्क्रू फिरवून पातळी नळीच्या तोंडापासून दोन-अडीच सेंटीमीटर खाली आणा.

दुसरा आरओ. त्याची साठवण टाकी रिकामी असेल तर तो तास-दीड तास बारीक धारेनं पाणी ओढतो आणि निम्म्याहून जास्त सिंकमध्ये सोडतो. हा प्रवाह अगदीच लहान असतो, पण मीटरला तो दिसला तर "सलग किती मिनिटं" हा नियम प्रवाह किती लहान हे बघत नाही, मिनिटं मोजतो. आरओ रात्री बंद ठेवा किंवा त्याला जाणारी पाईपची फांदी मीटरच्या आधी काढा. तिसरी जागा गिझर. पाणी तापलं की फुगतं, आणि सुरक्षा व्हॉल्व्हमधून थोडं टपकतं. ते तापवण्याच्या वेळेपुरतं असेल तर ठीक. गिझर बंद असतानाही थेंब थांबत नसेल तर तो व्हॉल्व्ह बदला. त्याच्या तोंडाला बूच मारू नका, गिझरची टाकी फुटायची.

नेमकी कोणती फांदी गळते ते कळत नसेल तर रात्री झोपण्याआधी प्रत्येक फांदीची चावी बंद करा आणि एकेक रात्र एकच फांदी उघडी ठेवा. कंटाळवाणं आहे, पण भिंत फोडण्याआधी हेच करायचं असतं.

दाबाचं गणित

"व्हॉल्व्ह लावल्यापासून शॉवरला धार येत नाही" आणि "व्हॉल्व्ह उघडतच नाही" या दोन तक्रारी जोडीनं येतात. कारण एकच.

१० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण १ बार दाब. तळमजला आणि वर एक मजला असं घर धरा, प्रत्येक मजला ३ मीटर, गच्चीवर १ मीटरच्या कट्ट्यावर टाकी. टाकीचा तळ जमिनीपासून ७ मीटरवर. तळमजल्यावरचा १ मीटर उंचीचा नळ टाकीखाली ६ मीटर, म्हणजे ०.६ बार. वरच्या मजल्यावरचा शॉवर जमिनीपासून ५ मीटरवर, म्हणजे फक्त ०.२ बार. टाकी भरलेली असेल तर मीटरभर आणखी, बस्स.

बाजारात "वॉटर कंट्रोल व्हॉल्व्ह" म्हणून मिळणारे बरेचसे पायलट पद्धतीचे सोलेनॉइड असतात, म्हणजे विजेच्या कॉइलनं इशारा मिळाल्यावर पाण्याच्याच दाबानं रबरी पडदा उचलणारे. त्यांचा पडदा उचलायला साधारण ०.३ ते ०.५ बारचा फरक लागतो. ०.२ बारवर तो अर्धवट उचलतो, किंवा उचलतच नाही, आणि बंद होतानाही नीट बसत नाही. शिवाय पाणी चालू ठेवायला कॉइलला सतत वीज लागते आणि ती तापते. टाकीच्या लाईनवर सोलेनॉइड लावूच नये, असं आमचं स्पष्ट मत. पूर्ण भोक असलेला मोटरचा बॉल व्हॉल्व्ह घ्या, पाईप १ इंची असेल तर व्हॉल्व्हही १ इंची. दुकानदार अर्धा इंची व्हॉल्व्ह आणि दोन रिड्यूसर हातात देतो, ते परत करा.

मीटरचंही तसंच, पण इथं एक पेच आहे. अर्धा इंची मीटर लावला तर धार मारतो. १ इंची लावला तर धार राहते, पण बारीक गळती त्याला दिसत नाही. अर्धा इंची स्वस्त हॉल-सेन्सर (चुंबकाच्या इशाऱ्यानं पात्याचे फेरे मोजणारा) मीटरसुद्धा मिनिटाला १ लिटरच्या खाली भरवशाचा नसतो, मोठ्याचं सुरुवातीचं माप त्याहून जास्त. म्हणून टाकीच्या घरात मीटरकडून फुटलेला पाईप पकडायची अपेक्षा ठेवा, गळका नळ पकडायची नको.

बारीक गळतीला गच्चीवरची टाकीच खरा मीटर आहे. १.१ मीटर व्यासाच्या गोल टाकीत १ सेंटीमीटर पातळी म्हणजे साधारण साडेनऊ लिटर. टाकीत पातळीचा सेन्सर असेल तर असा नियम लावा: रात्री १ ते ४ या वेळात, मोटर बंद असताना, पातळी ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त उतरली तर फोनवर कळव. अठ्ठावीस लिटरच्या आत दोन-तीन फ्लश खपून जातात. या नियमावर व्हॉल्व्ह बंद करायला लावू नका, फक्त इशारा. पातळी आवाजाच्या लहरींनी मोजणारा सेन्सर असेल तर झाकणाखाली त्याच्या तोंडावर वाफेचे थेंब साचतात आणि आकडा उड्या मारतो. एकाच वाचनावर विश्वास न ठेवता पाच वाचनांमधलं मधलं घ्या. सेन्सर नसेल तरी चालतं. झोपताना आणि उठताना पट्टी बुडवून पातळी लिहा.

ॲपमध्ये "सूक्ष्म गळती चाचणी" असा पर्याय असेल तर तो बंद ठेवा. ती चाचणी व्हॉल्व्ह बंद करून आतला दाब किती पडतो ते बघते. अर्ध्या बारवर मोजायला दाबच कमी. त्यात सोलरची गरम लाईन मिक्सरमधून थंड लाईनला भेटलेली असते आणि दोन्हीकडचं पाणी एकमेकांत सरकत राहतं. निकाल कसाही येतो.

टाकीखालची मांडणी

टाकीला एकच पाईप नसतो. स्वयंपाकघर, न्हाणीघर, फ्लश, आणि सोलर असेल तर त्याचा वेगळा, असे तीन-चार टँक निपल (टाकीला पाईप जोडायचे तुकडे) असतात. एका पाईपवर व्हॉल्व्ह लावून घर सुरक्षित झालं असं समजणं ही सगळ्यात नेहमीची चूक. गच्चीवर जाऊन प्रत्येक पाईप हातानं धरून कुठं जातो ते बघा. जमत असेल तर टाकीखालीच सोलरचा सोडून बाकी सगळे एका १ किंवा सव्वा इंची हेडरवर (सामाईक आडव्या पाईपवर) घ्या. नसेल जमत, तर जिथं नुकसान मोठं तिथं आधी: वॉशिंग मशीन, आरओ आणि वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर.

क्रम असा ठेवा. टँक निपल, त्याला लागून साधी हातानं फिरवायची चावी, मग युनियन (पाईप न कापता खोलता येणारा जोड), मोटरचा व्हॉल्व्ह, मीटर, युनियन, आणि त्याच्या पुढं हवेचा उभा पाईप, ज्याचं तोंड टाकीच्या वरच्या काठाहून उंच. दोन युनियन नसतील तर व्हॉल्व्ह साफ करायला पाईप कापावा लागतो. सीपीव्हीसी पाईप चिकटवायचं सोल्युशन व्हॉल्व्हच्या दिशेनं ओघळू देऊ नका, बॉलवर सुकलं की व्हॉल्व्ह गेला. मीटरच्या आधी आणि नंतर थोडा सरळ पाईप असावा, एल्बोला चिकटून बसवलेला मीटर चुकीचं मोजतो. बायपास ठेवायचाच असेल तर त्याच्या चावीचं हँडल काढून घरात ठेवा.

हवेचा पाईप व्हॉल्व्हच्या आधी असेल तर आणखी एक गंमत होते. व्हॉल्व्ह बंद असताना कुणी खाली नळ उघडला की पाईप नळातून हवा ओढतो. परत उघडल्यावर ती हवा अडकून बसते, खालच्या नळांना गुळगुळ करत पाणी येतं, मीटर मागं-पुढं फिरतो आणि नवा इशारा. उघडताना आधी तळमजल्यावरचा एक नळ अर्धा उघडा, धार सलग झाली की बंद करा.

प्रेशर पंप असलेल्या घरात व्हॉल्व्ह नेहमी पंपाच्या पुढं, म्हणजे नळांच्या बाजूला लावा, मागं टाकीच्या बाजूला नाही. मागं लावला आणि तो बंद झाला, तर पंप कोरडा फिरून जळेल. पुढं लावला तरी पंपाचा प्रेशर स्विच चालू आहे का ते तपासून घ्या.

सोलरला जाणारा थंड पाण्याचा पाईप व्हॉल्व्हनं बंद करू नका. व्हॉल्व्ह सोलरच्या गरम पाण्याच्या उतरत्या पाईपवर लावा आणि तो ९० अंशांना चालणारा पितळी घ्या. सोलरचा हवेचा पाईप काही झालं तरी बंद करायचा नाही.

इशाऱ्याचे आकडे

कारखान्यातून आलेले आकडे तसेच ठेवू नका. १५ लिटरची बादली मुख्य नळाखाली ठेवून घड्याळ लावा. २ मिनिटांत भरली तर नळ मिनिटाला साडेसात लिटर देतो. दोन नळ आणि मशीन एकदम उघडून मीटरवरचा आकडा बघा, त्याच्या दीडपट मोठ्या प्रवाहाची मर्यादा ठेवा. चार माणसांच्या घराला सलग ३० मिनिटं किंवा एका दमात २०० लिटर, यातलं जे आधी होईल ते, इथून सुरुवात करा. परड्यातल्या झाडांना पाईप लावायचा असेल किंवा गाडी धुवायची असेल तर ॲपमध्ये तासाभराची सूट द्या. घरच्या सगळ्यांना ती सूट देता आली पाहिजे, नाहीतर बायपास उघडतोच.

खरं लीक असताना बंद का झाला नाही

बोअरचं पाणी टाकीत मिसळत असेल तर बॉलवर क्षार बसतात. महिनोन्‌महिने उघडाच राहिलेला व्हॉल्व्ह खोलून बघा: बॉलचा जो भाग सीटला टेकलेला असतो त्याच्या काठानं पांढरी, खरखरीत कडी धरलेली दिसते. मोटर फिरायला जाते, कडीला अडते आणि थांबते, वरचा दर्शक काटा उघड्या आणि बंदच्या मध्ये कुठंतरी लटकतो. ॲप मात्र बंद असं दाखवतं, कारण स्वस्त यंत्रात ॲप आपण दिलेला हुकूम दाखवतं, व्हॉल्व्हची खरी जागा नाही. पाच तारांच्या व्हॉल्व्हमध्ये दोन जादा तारा ही खरी जागा कळवतात, म्हणून तोच घ्या आणि त्या तारा खरोखर जोडा. क्षार काढायला लिटरभर कोमट पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, त्यात बॉलचा भाग अर्धा तास, मग मऊ ब्रश. मोटरचा डबा पाण्यात बुडवू नका. पुन्हा अडू नये म्हणून आठवड्यातून एकदा पहाटे बंद-चालू करायचं वेळापत्रक लावा.

पावसाळ्यात गाळ हे दुसरं कारण. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरानं उपसा केंद्रं बंद पडली होती. असा मोठा खंड पडल्यावर पाणी परत येतं तेव्हा गढूळ येतं. तेव्हा हौद धुतल्याशिवाय मोटर लावू नका. गाळणी मोटरच्या चढत्या पाईपवर लावा, जिथं दाब भरपूर असतो. उतरत्या पाईपवर लावली तर आधीच कमी असलेली धार आणखी मरते.

जुन्या चावीचं हँडल मोटरनं फिरवणारे, पाईपला पट्ट्यानं बांधायचे चिमटे मिळतात, प्लंबिंग न तोडता काम होतं म्हणून लोक घेतात. ते फक्त पाव फेरा फिरणाऱ्या बॉल व्हॉल्व्हला चालतात, गोल चाकाच्या गेट व्हॉल्व्हला नाहीत. चावी एका बोटानं फिरत नसेल तर चिमटाही ती फिरवणार नाही. पट्टा पाईपवर घसरतो आणि चावीऐवजी यंत्रच गोल फिरतं. पट्ट्याखाली रबर घाला, किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात माप देऊन लोखंडी ब्रॅकेट करून घ्या.

दोन तारांच्या व्हॉल्व्हला बंद करायला तारांची दिशा उलटी करावी लागते. साधा रिले (विजेवर चालणारा स्विच) दिशा उलटवत नाही, त्यामुळं असा व्हॉल्व्ह उघडतो पण कधीच बंद होत नाही. व्हॉल्व्हवरच्या स्टिकरचं चित्र बघूनच जोडा. तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात.

वाय-फायचं थोडक्यात: ही यंत्रं बहुतेक २.४ गिगाहर्ट्‌झवरच चालतात, जोडताना फोनही त्यावरच हवा. गच्चीवर स्लॅबमधून सिग्नल कमी पोचतो, तेव्हा जिन्याच्या तोंडाशी रिपीटर ठेवा. जमिनीवर ठेवायचा ओल पकडणारा सेन्सर आणि व्हॉल्व्ह यांच्यातला नियम घरातल्या हबवरच (यंत्रं जोडणाऱ्या डब्यावरच) चालला पाहिजे. इंटरनेटची तार काढा आणि ओला बोळा सेन्सरला लावून बघा. तरीही व्हॉल्व्ह बंद झाला तरच तो कामाचा.

जमिनीवरचे सेन्सर फरशी पुसताना ओरडतात, पावसाळ्यात फरशीला ओल सुटली तरी ओरडतात. त्यांना उघड्या फरशीवर ठेवू नका. मशीनखाली, सिंकखाली, गिझरच्या खाली उथळ थाळा ठेवून त्यात ठेवा, थाळा नसेल तर उताराच्या सखल टोकाला. टोकांवर पांढरा थर आला की व्हिनेगरनं पुसा. बॅटरीचा इशारा आला की त्याच आठवड्यात बदला, आणि बदलल्यावर बोळ्याची चाचणी परत करा.

गावाला जाताना ॲपवर विसंबू नका. टाकीखालच्या हाताच्या चाव्या बंद करा, पण सोलरचा थंड पाईप चालू ठेवा. तो चुकून बंद राहिला आणि सोलरच्या काचेच्या नळ्या कोरड्या पडल्या असतील, तर परत आल्यावर भर उन्हात उघडू नका. तापलेल्या काचेवर गार पाणी गेलं की नळी तडकते. सूर्य मावळल्यावर तासा-दोन तासांनी किंवा पहाटे उघडा.